तांबडीच्या शेपटीचं दुखणं

घरातली दोन माणसं एकमेकाशी बोलत न्हाईत म्हणलं की लोकायला वाटतं भांडण आसंल. भांडण आसतं तर बरं झालं आसतं बाई, भांडणात आवाज तरी निघतो. आमच्या घरी होती ती रीत. सासऱ्यानं सुनंशी तोंडावर बोलायचं न्हाई, सुनंनं सासऱ्यासमोर पदर पुढं वढून खाली बघायचं, आन् दोघायला एकमेकाला जे काई सांगायचं ते मधल्या बाईनं सांगायचं. ती मधली बाई म्हंजे मी, चांगुणाबाई. ह्या दोघायचे निरोप इकडून तिकडं नेऊन माह्या जिभंला घट्टे पडले.

पुसेगावात आता लई घरी ही रीत राहिली न्हाई. सुना सासऱ्याच्या मोटरसायकलीवर मागं बसून दवाखान्यात जातेत. पण आमचे हे, दगडोबा, सारा जन्म शेरडामेंढरामागं गेलेला माणूस. मायनं घालून दिलेली वाट सोडतील तर शपथ. पोरगा कामापायी बाहेरगावी राहतो, त्याची बायको राधिका लग्न होऊन आली तवाची गोष्ट. पोरगी कळमनुरीची, बाजाराच्या गावची, तिला काय ठाव? चहाचा कप घेऊन सरळ ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आन् म्हणली, "मामा, चहा." हे ताडकन उठले आन् शेरडात जाऊन बसले ते दिवस मावळल्यावर आले. रागावले न्हाईत हो, लाजले! मिशा पांढऱ्या झालेला गडी, कपाला लाजला! पण पोरीला ते कसं कळावं? तिला वाटलं आपलंच चुकलं. तवापासून तिनं जे तोंड मिटलं ते मिटलंच.

आन् ही पोरगी बोलकी होती, हे ध्यानात घ्या. तिच्या वडलाचं कळमनुरीच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. तिथं काचंची पेटी, पेटीत सोनमासे. बापलेकीचं दिवसभर त्या माशावरच बोलणं चालायचं. कोण खाऊन राहिलं, कोण रुसलं, कोणाला काय झालं. वडील गेले तवा भावानं दुकानात मोबाईल मांडले आन् राधिकानं पेटी इकडं आणली. त्यात दोन मासे, एक तांबडी मादी आन् एक काळा नर. आता नर-मादी खरंच होते का, ते देव जाणे, आमच्या ह्यांनी तसं ठरवलं.

पेटी घरात आली तवा हे म्हणले, "घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं. काय देतं हे जनावर? दूध? लोकर? लेंड्या तरी?" हे सगळं भिंतीकडं बघून. सुनंला ऐकवायचं आसलं की आमच्याकडं भिंतीला सांगायची पद्धत हाय. राधिकानं आत ऐकलं आन् पेटीची काच पुसत राहिली.

मंग तिला दिवस गेले, बाळंतपणाला माहेरी जायची वेळ आली. जाताना तिनं पेटीच्या काचंवर हात ठेवला आन् माहा हात धरून म्हणली, "आत्या, बाबांच्या हातचे एवढे दोनच जीव राहिलेत. मी येईपर्यंत जगवा." डोळे भरून आले होते लेकराचे. म्या म्हणलं, "जगवते गं माय, जा तू निवांत." हे दारात सुताडाची दोरी वळीत बसले होते. मान वर केली न्हाई. पण माणसानं ऐकलं, ते त्याच्या हातावरून मला दिसलं. सुताडाचा पीळ उलटा पडला.

दुसऱ्या दिवशीपासून पेटी माह्याकडं राहिलीच न्हाई. सकाळी शेरडं सोडायच्या आधी हे पेटीपुढं, संध्याकाळी शेरडं आली की पायावरची धूळ न झटकता पेटीपुढं. नावं ठेवली, तांबडी आन् काळ्या. जेवताना ताट घेऊन पेटीपुढं बसायला लागले. म्या म्हणलं, "अवो, मला नवी नवरी आणली तवा तरी इतकं बघत होते का?" तर म्हणतेत, "तू कुठं अशी गप पोहत होतीस?" घ्या!

ह्यांचा जीव किती हळवा ते मला ठाव हाय. शेळीचं पिल्लू ओरडलं तर ह्यांच्या घशाखाली घास उतरत न्हाई. आन् हे मासे म्हंजे माणूस दिसलं की काचंशी येऊन आ वासतेत. हे म्हणायचे, "बघ बघ, भुकेजली." मंग चिमूटभर खाणं. पाणी प्यायला आले, चिमूटभर. पान खाऊन आले, चिमूटभर. राधिकानं ठेवलेला डबा संपला, तर ज्वारीचं पीठ, भाकरीचा चुरा. म्या म्हणलं, "पोट फुटंल त्यायचं." हे म्हणले, "जनावर पोट भरल्यावर तोंड फिरवतं, मला शिकवू नको." शेरडू फिरवत आसंल. मासा काई फिरवीना.

पाणी गढूळ व्हायला लागलं, जरा वासही मारायला लागला. आन् एका दुपारी हे मला हाक मारून राहिले, "अगं, इकडं ये. तांबडीच्या शेपटीकडं बघ."

बघितलं. तिची शेपटी म्हंजे नुसती झिरमिरीत ओढणी होती आधी. आता कड कुरतडल्यावानी, मधी मधी चिरा आन् काठाला पांढरट. पाठीवरचा पंख मिटलेला. एका कोपऱ्यात खाली बसलेली. पोरीचा शब्द आठवला.

"तिला फोन लाव," हे म्हणले.

लावला. सपीकरवर टाकला. आता बघा आमच्या घरची तऱ्हा. हे माह्यापासून हातभर अंतरावर उभे, पोरीचा आवाज घरभर, तरी हे माह्या तोंडाकडं बघून राहिले, मी कवा सांगते म्हणून.

"आत्या, कड पांढरी आहे का लाल?"

म्या ह्यांच्याकडं बघितलं. "पांढरी का लाल, इचारते."

"सांग तिला, पांढरी."

"पांढरी म्हणतेत."

"मग ते सडायला लागलंय, आत्या. पाणी घाण झालं की होतं. खायला किती टाकतात?"

"खायला किती टाकता, इचारते."

आन् इथं आमच्या बुढ्यानं खाकरून, माह्याकडं न बघता सांगितलं, "सांग, बेताचंच."

बेताचंच! म्या डोळे मोठे केले. त्यायनी हात जोडल्यागत केलं. आता नवऱ्याची अब्रू सुनंपुढं काढायची का? म्या सांगितलं, "बेताचंच, म्हणतेत." राधिकानं सांगितलं की तांबडीला वेगळ्या टपात काढा, बादलीभर शिळ्या पाण्यात दोन-तीन चमचे खडं मीठ घाला आन् त्यात ठेवा, पेटीतलं पाणी थोडं थोडं रोज बदला. म्या शब्दाला शब्द सांगितलं. तिकडं चुलीवर दूध उतू गेलं ते गेलंच.

फोन ठेवला आन् ह्यांनी पाठीमागं हात बांधले. ही ह्यांची इचार करायची पद्धत. "मीठ? जखमेवर मीठ? मुकं जनावर हाय, चरचर होईल तिला. आन् कड अशी कुरतडल्यागत कशी? हे त्या काळ्याचं काम. मारका बोकड कळपात आसला की असंच. कोणाला काढायचं बाहेर? मारलेलीला का मारणाऱ्याला?"

"अवो, ती म्हणली तांबडीला..."

"तिला तिथून दिसून राहिलं का? मला दिसून राहिलं."

झालं. काळ्याला उचलून टपात टाकलं, बिचारा निरपराध. आन् तांबडी राहिली तशीच त्या वासमाऱ्या पाण्यात. तरी बराबर वाटंना म्हणून दुसऱ्या दिवशी, मी शेतात निंदायला गेलेली बघून, ह्यांनी आपला खानदानी इलाज काढला. शेरडाचं खूर सडलं, काट्यानं कातडं फाटलं की आमच्याकडं करंजाच्या तेलात हळद कालवून लावतेत. हजार शेरडायला गुण आलेला. ह्यांनी तांबडीला वल्ल्या फडक्यात धरलं, शेपटीला बोटानं तेल-हळद लावली, वरून अजून लावली, आन् दिली पाण्यात सोडून.

मी घरी आले तर हे पेटीपुढं उकिडवे बसलेले, तोंडाचा रंग उडालेला. पाण्यावर पिवळा तेलाचा तवंग. तांबडी वरती येऊन तोंड पाण्याबाहेर काढून, आ... आ... करून राहिली. आधी आ वासायची ते वेगळं. हा जीव चालल्याचा आ होता.

"अगं माय! काय केलं हो हे?"

"गुण येईल म्हणून..." एवढंच बोलता आलं त्यायला. करायला गेले गणपती आन् झाला मारुती. "फोन लाव. तिला सांग."

म्या फोन लावला. वाजून राहिला. आन् मला काय झालं माहीत न्हाई, एकदम डोकं तापलं. इतकी वरसं ह्यांचे शब्द माह्या जिभंवरून गेले. काल बेताचंच म्हणले, ते खोटंही माह्याच तोंडून गेलं. आता हे पाप मी काहून सांगू? म्या फोन ह्यांच्या हातात कोंबला.

"मी न्हाई सांगत. तुमचं तुमी सांगा. मासा तुमचा, तेल तुमचं, सून तुमची."

"अगं, येडी का खुळी तू? मी कसा..."

"मंग मरू द्या तिला रीतीभातीनं!"

आन् मी बाहेर आले. दाराआड उभी राहिले, ते सांगायला मला लाज न्हाई.

आतून राधिकाचा आवाज. "हॅलो? आत्या? आत्या, ऐकू येतंय का?"

ह्यांचा नुसता श्वास.

"आत्या?" मंग जरा थांबून, हळूच, "मामा?"

मला वाटलं फोन टाकून गेले शेरडात. मंग ह्यांचा आवाज आला, मेंढरू अडकल्यावर येतो तसला.

"पोरी, म्या तांबडीला मारलं बहुतेक गं."

रडून राहिले होते. माह्या लग्नात न्हाई, मायबाप गेले तवा न्हाई, आन् एवढ्याश्या माशासाठी माणूस रडून राहिला. माह्याही डोळ्याला धार लागली.

तिकडून पोरीनं एकही शब्द वाया घालवला न्हाई. "मामा, आधी सांगा काय लावलं. सगळं सांगा, मी रागावत नाही."

सांगितलं. करंजाचं तेल, हळद. काळ्याला काढलं ते. आन् मंग आपसूक, न इचारता, "आन् खायला मी दिवसभर टाकून राहिलो. काल खोटं बोललो. आ वासते गं ती, मला बघवत न्हाई."

राधिका म्हणली, "बरं. तेल वर पसरलं की तिला श्वास घेता येत नाही. रांजणात कालचं पाणी आहे का? शिळंच पाहिजे, नळाचं ताजं नको, त्यात ब्लिचिंग असतं. दुसरा टप घ्या. मामा, पळा."

आमचा बुढा पळाला. रांजण अख्खा टपात उलथा केला. हाताच्या ओंजळीत तांबडीला उचललं, "ये माय, ये," करत सोडलं. मिठाचा डबा मागायला बाहेर आले तर मी दारातच मीठ घेऊन उभी. डबा घेतला आन् आत पळाले.

"मामा, व्हिडिओ लावा, मला बघू द्या."

आता ह्यांना कुठं येतंय? पोरीला आधी ह्यांचा कान दिसला, मंग छताचं टिनपत्र, मंग मिशी. "कॅमेरा फिरवा मामा," तर ह्यांनी स्वतःच गिरकी घेतली. तिकडून हसण्याचा आवाज आला. माशाचा जीव जाऊन राहिला आन् सून हसून राहिली. पण ते हसणं ऐकून ह्यांचं रडणं थांबलं हे म्या बघितलं. आत जाऊन म्याच व्हिडिओ लावून दिला. राधिकानं सासऱ्याचं तोंड बघितलं आन् तिथं कळमनुरीत बसून झटकन ओढणी डोक्यावर घेतली. सवय!

तिनं बराच वेळ बघितलं. कल्ले कसे हालतेत, बाजूवर पडते का सरळ राहते, शेपटीच्या मुळापाशी लाल हाय का. म्हणली, "मूळ चांगलं आहे. नुसती कड गेलीय. कड परत येते, मामा. मूळ राहिलं की शेपूट येते."

"आन् सडली काहून ती?"

"तुमच्या शेरडांची खुरं कशानं सडतात?"

"मुताच्या चिखलात रोज उभी राहिली की."

"तेच. तिचा चिखल पाण्यात असतो, दिसत नाही एवढंच. जास्तीचं खाणं, तिची घाण, सगळं तिथंच."

हे कपाळाला हात लावून बसले. "म्हंजे काळ्याचा गुन्हा न्हाई."

"नाही मामा. काळ्या गरीब आहे."

त्या दिवशी ह्यांनी काळ्याची माफी मागितली. खोटं न्हाई सांगत, टपापुढं बसून म्हणले, "चुकलं बाबा."

मंग रोजचा फोन सुरू झाला. शेरडं कोंडली की हे हातपाय धुऊन, टोपी सारखी करून फोन घेऊन बसायचे. पेटी घासून काढली, तेलाचा थेंब राहू दिला न्हाई, काळ्याला परत पेटीत सोडलं. रांजणाचं पाणी आता आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, त्याला कोणी हात लावायचा न्हाई, मीसुद्धा. खाणं सकाळी एकदा, तेही इतकुसं, आन् टाकल्यावर हे तोंड फिरवून बसायचे, आ वासलेला दिसू नये म्हणून. राधिका इचारायची, हे सांगायचे. मधनं मधनं बोलणं घसरायचंही. "जेवलीस का," "पाय सुजतेत का गं, तुह्या सासूचेही सुजायचे," "कनेरगाव नाक्यापर्यंत आज मेंढरं घेऊन गेलो होतो." ती सांगायची बाबा कसे दुकानात माशायला घड्याळाची टिकटिक ऐकवायचे. हे खदाखदा हसायचे. मी स्वयंपाकघरात भाकरी थापीत ऐकायची आन् मला कोणी काई इचारायचं न्हाई. इतकी वरसं मधी मधी करून दमले होते, आन् आता मधी कोणी घेईना तर आतून जरा चावलं, हे काहून लपवू?

तांबडीच्या शेपटीला काचंसारखी निर्मळ नवी कड फुटली. उजेडात धरल्याशिवाय दिसायची न्हाई अशी. मंग ती तांबूस झाली. पंख उघडला. तांबडी पेटीत परत गेली आन् काळ्याच्या अंगावरून अशी मिरवत फिरली की काय सांगू. राधिकानं व्हिडिओवर बघितलं, डोळे पुसले, म्हणली, "मामा, बरी झाली. आता काळजी नाही. माझ्या बाबांनीसुद्धा इतकं केलं नसतं."

हे म्हणले, "बरं."

दुसऱ्या दिवशी फोन आला न्हाई. तिसऱ्या दिवशी मला आला, पाठ दुखते म्हणून. हे बाजूला टोपी घालून बसलेले. मी बोलून ठेवला.

मंग आमच्या बुढ्याचं लक्षण बिघडलं. जेवणात मीठ जास्त की कमी कळंना. शेरडं लवकर कोंडून पेटीपुढं बसायचे, आन् मासे ठणठणीत बघून अजूनच तोंड उतरायचं. म्या म्हणलं, "अवो, लावा की फोन तिला."

"कशाला?"

"बोलायला."

"आता कशाचं बोलायचं? बरी झाली ती. बाईमाणसाला बिनकामाचा फोन करतेत का?"

असे कितीक दिवस गेले. एका संध्याकाळी मी दिवा लावून राहिले होते तर हे म्हणले, "अगं, काळ्याच्या शेपटीची कड जराशी पांढरी वाटते का बघ."

म्या बघितलं. काई न्हाई. काळी कुळकुळीत. म्या ह्यांच्याकडं बघितलं. हे माह्याकडं बघंनात.

"वाटते बाई जराशी," म्या म्हणलं.

फोनकडं हात असा झटकन गेला ह्यांचा! "पोरी, मी बोलून राहिलो. काळ्याचं लक्षण ठीक न्हाई. कड पांढरी दिसून राहिली."

"दाखवा बघू, मामा."

आता ह्यांना व्हिडिओ लावता येतो. पेटीपाशी फोन धरला. काळ्या चांगला आला काचंशी, गर्रकन फिरला, शेपूट पसरून दाखवली, ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत. इतका शहाणपणा त्यानं आजच करायचा होता! राधिका बघून राहिली. तिला काय कळत न्हाई व्हय? बापाच्या मांडीवर बसून मासे शिकलेली पोरगी ती. ती काळ्याकडं बघून राहिली, मंग पेटीच्या काचंत दिसणाऱ्या, फोन धरून उभ्या राहिलेल्या बुढ्याकडं बघितलं. तिनं डोक्यावर ओढणी घेतली न्हाई त्या दिवशी.

"हो मामा," ती म्हणली, आवाज जरा भरलेला. "आहे थोडी. बारीक आहे, पण लक्ष ठेवावं लागेल. तुम्ही रोज दाखवत जा मला. संध्याकाळी, शेरडं कोंडली की."

"रोज?"

"रोज. हे दुखणं लांबतं कधी कधी."

"बरं बरं. तकलीफ तर न्हाई ना तुला?"

"नाही मामा. जेवलात का तुम्ही?"

हे पाटावर बसले आन् काय जेवले, कवा जेवले, भाकरी कशी करपली होती, सगळं सांगायला लागले. म्या पेटीत वाकून काळ्याकडं बघितलं. ठणठणीत होता मेला.